तिचा घास

१

राहुरीत दुपारचे साडेतीन वाजले की तिकडे नेदरलँडमध्ये बारा वाजतात. हे गणित यशोधराबाईंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून बाई निवृत्त झाल्या होत्या. पण आता त्यांचा खरा तास भरायचा तो साडेतीनला, आणि त्या वर्गात विद्यार्थिनी एकच होती. निकिता, वय अडीच वर्षं.

नाव मुद्दाम तसं ठेवलेलं, इकडच्या आणि तिकडच्या दोन्ही जिभांना झेपेल असं. मुलगा प्रशांत तिकडे चिप बनवणाऱ्या मशीनच्या कंपनीत, सून प्रज्ञा घरूनच कंप्युटरवर काम करायची. शहर तर असं की बघत राहावं. सायकलींना वेगळे रस्ते, नळाचं पाणी तसंच प्यायचं, हॉर्न म्हणून ऐकू यायचा नाही. सगळं होतं. फक्त वाटी घेऊन पोरीच्या मागे फिरायला घरात तिसरं माणूस नव्हतं. पाळणाघरात नंबर लागायला अजून सहा महिने होते. तोवर दुपारचं जेवण आजीकडे.

आजीकडे म्हणजे फोनवर. प्रज्ञा टेबलावर टॅब उभा करायची, निकूला उंच खुर्चीत बसवून वाटी-चमचा पुढे द्यायची आणि लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत मीटिंगला जायची. इकडे बाई हॉलमधल्या दिवाणावर पाय पोटाशी घेऊन बसायच्या आणि सुरू करायच्या, "हा घास आजीचा. हा आबांचा. हा लंकाबाईचा. हा टिप्याचा."

आबा म्हणजे बाईंचे यजमान जालिंदरराव, विद्यापीठाच्या बियाणे विभागातून रिटायर झालेले. लंकाबाई धुण्याभांड्याला यायची. टिप्या गल्लीतला कुत्रा, भाकरीच्या वेळेला हक्काने फाटकाशी बसणारा. आपल्याकडे कुठल्या घरात पोरं अशी जेवली नाहीत? एकेकाच्या नावाने एकेक घास. निकू प्रत्येक नावाला आ करायची, आणि त्या माणसाचं काम आपण करतोय अशा गंभीर चेहऱ्याने चावायची.

बाईंनी नातीला अजून मांडीवर घेतलेलं नव्हतं, हे इथेच सांगून टाकतो. बाळंतपणाच्या वेळी जालिंदररावांची बायपास निघाली. पुढे डॉक्टर म्हणाले, एवढा प्रवास नको. तिकडची माणसं येतो येतो म्हणायची आणि ऐनवेळी कंपनीचं काहीतरी निघायचं. तेव्हा दुधाची तहान ताकावर. पण त्या ताकाचंही बाईंना कोण अप्रूप. प्रज्ञा एकदा म्हणाली होती, "आई, तुमच्याशिवाय ही एक घास खात नाही हो," तर ते वाक्य बाईंनी आठवडाभर अख्ख्या कॉलनीला ऐकवलं.

नावं संपायची तरी वाटीत चार-सहा चमचे उरायचेच. "आता कुणाचा गं?" असं विचारलं की निकू समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे चमचा करायची.

"तिचा."

"बरं, हा तिचा."

बाईंना वाटायचं, बाहुली बसवली असेल. टॅबमध्ये त्या खुर्चीची फक्त पाठ दिसायची. मग उरलेले सगळे घास तिचे व्हायचे आणि वाटी चाटूनपुसून साफ.

२

पहिल्यांदा जेवण टाळलं ते जालिंदररावांनी. संध्याकाळी बाईंनी त्यांच्या आवडीचं पिठलं केलं होतं, वर कच्चा कांदा. गडी ताटावर बसला आणि अर्ध्या भाकरीवर उठला.

"भूकच न्हाई गं. पोट कसं गच्च हाय."

"दुपारी कट्ट्यावर भजी खाल्लीत."

"शपथ घेऊन सांगतो, पान्याशिवाय काही न्हाई."

बायपासच्या माणसाची शपथ कोण खरी मानतो? बाईंनी मानली नाही. पण दोन दिवसांनी भांडी घासता घासता लंकाबाईनेही तेच गाऱ्हाणं काढलं. लंकाबाई तिसगावकडची. काम वाघासारखं आणि खाणंही तसंच.

"बाई, मला काय झालंय काय म्हाईत. दुपार कलली की पोट भरल्यावानी हुतंय. सून म्हनती आत्ती भाकर खा, पन घासच उतरत न्हाई. शनवार-रविवार मातर लई भूक लागती."

"हवा बदलली की होतं असं," बाई म्हणाल्या.

त्यांचं स्वतःचंही काही निराळं नव्हतं. पावणेचारच्या सुमाराला त्यांच्या जिभेवर एक चव यायची. मिठाशिवाय उकडलेला बटाटा आणि त्यावर काहीतरी दुधाळ, चिकट. एकदा फोन ठेवताना त्यांनी सहज विचारलं, "आज वाटीत काय होतं गं?" प्रज्ञा म्हणाली, "बटाटा आणि चीज. का हो?"

"काही नाही, उगाच."

चिंचेचं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं. रोज बघून बघून चव आली, त्यात नवल काय? असं म्हणून बाईंनी स्वतःला गप्प केलं. ज्या बाईने एकतीस वर्षं पोरांना सांगितलं की भानामती म्हणजे थोतांड, भूत म्हणजे भित्र्या डोळ्यांचा खेळ, तिला एवढं तर करावंच लागतं. पण त्याच आठवड्यात त्यांचं लक्ष टिप्याकडे गेलं. संध्याकाळची भाकरी त्याच्यापुढे पडलेली, आणि कुत्रं तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं.

३

ऑक्टोबर संपता संपता तिकडे घड्याळं मागे फिरवली आणि बाईंचा तास साडेचारला गेला. कारखान्याचा सीझन सुरू झाला, उसाच्या ट्रॉल्या गाणी वाजवत रस्त्याने जाऊ लागल्या. त्या गोंगाटातच एक दिवस प्रज्ञाचा वेगळा फोन आला. आवाज रडवेला.

"आई, निकूचं वजन उतरलंय. इथे लहान मुलांचं केंद्र आहे ना, तिथल्या नर्सने तक्ता दाखवला. ऑगस्टपर्यंत रेघ वर चालली होती, आणि तिथून सारखी खाली."

"अगं पण जेवते की चांगली. मी समोर असते."

"तेच तर. त्यांना वाटतं मी खोटं बोलतेय. काय काय देता ते लिहून आणा म्हणाल्या. रक्त तपासलं, सगळं नॉर्मल आहे. काल अंघोळ घालताना तिच्या पाठीचे मणके हाताला लागले हो आई."

बाईंनी धीर दिला. वाढत्या वयाची पोरं अशीच असतात, प्रशांतही काडी होता, वगैरे. फोन ठेवला आणि दिवाणावर तशाच बसून राहिल्या. ऑगस्टपर्यंत वर. ऑगस्टपासूनच तर आजीच्या हातचं जेवण सुरू झालं होतं.

मनात जे आलं ते त्यांनी आधी हसून उडवलं. मग त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली. शंका आली तर प्रयोग करा, हे त्यांनीच पोरांना घोकवलं होतं. दुसऱ्या दिवशी घासांच्या नावांतून त्यांनी टिप्याला वगळलं. संध्याकाळी टिप्याने भाकरी अशी ओढली की बाईंचं बोट थोडक्यात वाचलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा नाव घेतलं, तर फाटकाशी भाकरी तशीच. पाचव्या दिवशी त्यांनी जालिंदररावांना काही न सांगता त्यांचं नाव गाळलं.

रात्रीच्या जेवणाला जालिंदररावांनी तिसरी भाकरी मागितली. "आज लई दिवसांनी भूक लागली बघ," ते खुशीत म्हणाले.

बाईंनी ती वाढली. ओट्याकडे तोंड करून तव्यावरची चौथी उलटली. तीन महिने एवढंसं लेकरू सगळ्यांची पोटं भरत होतं. कुणाला पत्ता नव्हता, आणि एकेकाला पंगतीत बसवलं होतं ते त्यांनीच. त्यांना स्वतःची एवढी किळस आली की मोरीत जाऊन उलटी केली. तिलाही चीजचाच वास होता.

४

सोमवारी त्या ठरवून बसल्या. "निकू, आजपासून सगळे घास निकूचे. हा निकूचा. हाही निकूचा."

पोर गोंधळली, पण आजीचा शब्द प्रमाण. खाऊ लागली. बाईंच्या जिभेवर काही आलं नाही, पोट रिकामंच राहिलं, आणि त्या रिकामेपणाने त्यांना हायसं वाटलं. वाटी संपत आली तेव्हा निकूने चमचा थांबवला.

"आणि तिचा?"

"तिचा नाही आज. सगळे तुझेच."

निकूने समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. बराच वेळ. एखादं मोठं माणूस रागावतं तेव्हा पोरं बघतात, तशी.

"निकू, ती कोण गं? बाहुली का?"

"नाही. ती."

"तिचं नाव काय?"

"तिला नाव नाही." मग हळूच म्हणाली, "भूक आहे."

प्रज्ञाला बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं. शेजारी कुणाचं पोर येतं का, बाहुली-बिहुली बसवता का समोर? प्रज्ञा म्हणाली छे हो, इथे शेजारी कोण राहतं तेच आम्हाला माहीत नाही. "पण ती खुर्ची मात्र मेली रोज बाहेर आलेली असते. मी आत सारते आणि परत बाहेर. जमीनच उतरती असेल."

चौथी खुर्ची. जेवायला माणसं तीन. आजी आणि आबा जीव तिळतिळ तुटून ज्या खुर्चीवर बसायला तरसले, तिथे भलतंच कुणीतरी रोज जेवायला बसत होतं. बाईंना भीती वाटली हे खरं, पण त्याआधी राग आला.

दहा दिवसांत निकूचं वजन वाढलं. प्रज्ञाने तक्त्याचा फोटो पाठवला, रेघेने मान वर केली होती. बाईंनी त्या दिवशी खीर केली आणि लंकाबाईलाही दिली. लंकाबाई दोन वाट्या प्यायली.

५

डिसेंबरात प्रज्ञा-प्रशांतची कुरबूर सुरू झाली. फ्रीजमधलं दूध संपतं, डब्यातल्या पोळ्या जातात. ती म्हणायची तू रात्री उठून खातोस, तो म्हणायचा तूच खातेस आणि विसरतेस. बाई दोघांचं ऐकून घ्यायच्या आणि साडेचारला निकूचे घास निकूलाच द्यायच्या. मनात एकच गोष्ट घोळत राहायची. ज्याला तीन महिने रोज वाढलं, त्याचं ताट आपण एका दिवसात काढून घेतलं. आता ते कुठे तोंड घालणार?

उत्तर मिळायला फार दिवस लागले नाहीत. निकूच्या दंडावर एक वण उठला. गोल, बारीक, पोरांच्या दुधाच्या दातांचा. दोन दिवसांनी मनगटाजवळ दुसरा.

"स्वतःलाच चावून घेते वाटतं," प्रज्ञा म्हणाली. "एकटी पोरं करतात म्हणे असं. गुगलवर वाचलं मी."

"दंडाच्या मागच्या बाजूला कशी चावेल गं?"

प्रज्ञाने निकूची बाही खाली ओढली. मग म्हणाली, "आई, मला घाबरवू नका. आधीच मला इथे झोप येत नाही. दिवसभर या घरात मी आणि ती दोघीच असतो, आणि बाहेर चार वाजता अंधार पडतो."

बाईंनी ते वण लंकाबाईला फोनवर दाखवले. कुणाला तरी दाखवल्याशिवाय त्यांना राहवेना. लंकाबाईने चष्मा नसलेले डोळे बारीक करून पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं.

"मीठ-मिरच्या उतरवून टाका बाई. लेकराला काईतरी लागलंय."

एरवी बाईंनी तिला अर्धा तास विज्ञान शिकवलं असतं. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "इतक्या लांबून कशी उतरवणार?" आणि आपण काय बोललो ते ऐकून त्यांच्याच अंगावर काटा आला.

शेवटी एका रविवारी त्यांनी प्रशांतला सगळं सांगितलं. घास, भुका, टिप्या, खुर्ची. वर्गात समजावून सांगायच्या तसं पायरीपायरीने. पलीकडून प्रशांतचा दबलेला आवाज आला.

"आई, तू? अगं तू बोलतेयस हे? गावात अंगात आलेल्या बायांना घरी नेऊन समजावणारी तू?"

"मला लाज वाटतेय बाळा. पण तरी सांगते."

"आबांना फोन दे."

जालिंदरराव फोनवर हं, हं करत राहिले. फोन ठेवून त्यांनी बायकोच्या डोक्यावर हात ठेवला. असं त्यांनी चाळीस वर्षांच्या संसारात दोनदाच केलं असेल. "नगरला एका चांगल्या डॉक्टरला दाखवू. आनि काही दिवस पोरीला फोन नको म्हनतोय तो. पुढच्या महिन्यात पाळनाघरात नंबर लागतोयच म्हने तिचा."

६

तीन दिवस फोन आला नाही. साडेचारला बाई दिवाणावर बसायच्या, समोर काळा फोन ठेवून. गुरुवारी तो वाजला. प्रज्ञा होती, केस विस्कटलेले.

"आई, दोन दिवस तोंडात घास घेत नाहीये. नुसती त्या खुर्चीकडे बघते आणि तोंड मिटते. तुम्ही फक्त जेवू घाला. बाकी काही बोलू नका तिच्याशी, हात जोडते."

"नाही बोलत. ठेव तू."

तेवढ्यात तिकडे बेल वाजली, काहीतरी पार्सल होतं. प्रज्ञा "आलेच" म्हणून खाली गेली. जिना उतरल्याचा आवाज लांब गेला. निकू उंच खुर्चीत बसली होती, वाटीला हात न लावता. गाल बसलेले. चौथी खुर्ची आज पुरती बाहेर ओढलेली होती आणि निकूच्या खुर्चीला चिकटून होती.

"निकू, बाळा, हा घास निकूचा."

निकूने मान हलवली. एक हात तिने टेबलावर ठेवला होता, दुसरा खाली लोंबत होता. बाई काही बोलणार तोच टेबलाला हिसका बसला आणि टॅब घसरला. चित्र फिरलं, छत दिसलं, आणि मग टॅब काठावर असा अडकला की कॅमेऱ्यात टेबलाखालचा भाग आला. निकूचे मोजे. तिचा लोंबता हात. तो हात आपोआप वर उचलला जात होता, अगदी सावकाश, ताटातली भाकरी तोंडाकडे न्यावी तसा. आणि तो जिथे जात होता तिथे अंधारात काहीतरी उघडं होत होतं. बाईंनी ओठ पाहिले. त्यापलीकडे त्यांनी पाहिलं नाही. डोळे मिटून घेतले आणि जन्मात कधी ओरडल्या नव्हत्या तशा ओरडल्या.

"थांब. तिला सोड."

हात हवेत थांबला.

त्या घरात सासऱ्यांच्या वेळेपासून एक शिस्त होती. धम्मदीक्षा घेतली त्या वर्षापासून त्यांनी पितरांचं पान बंद केलं. दारात उपाशी माणूस आला तर त्याला पोटभर वाढायचं. न दिसणाऱ्यासाठी ताट मांडायचं नाही, घास काढायचा नाही. बाई त्या शिस्तीत सून म्हणून आल्या, अभिमानाने जगल्या. ते सगळं त्यांना त्या क्षणी आठवलं आणि त्यांनी ते बाजूला सारलं. दारात आलेला उपाशी जीवच तर हा, असं स्वतःशी म्हणाल्या. दुसरं काही म्हणायला वेळ नव्हता.

फोन हातात घेऊन त्या ओट्यापाशी गेल्या. दुरडीतली भाकरी ताटात घेतली, मेथीची भाजी वाढली, ताट फोनसमोर धरलं.

"इकडे ये. त्या पोरीजवळ काय आहे? चमचाभर भात. माझ्याकडे रोज ताजी भाकरी असते. मी वाढीन तुला. रोज वाढीन, मी आहे तोवर वाढीन." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि पुढे केला. "हा घास तिचा."

निकूचा हात खाली पडला, सुटल्यासारखा. मग फोनची काच काळवंडली. कुणीतरी पलीकडून अगदी जवळ येऊन, नाक टेकवून बघावं तशी. बाईंना वास आला, न धुतलेल्या, शिळ्या तोंडाचा. त्यांच्या बोटांतला घास कुणीतरी अलगद घेतला.

काच पुन्हा उजळली. निकू टेबलाच्या काठावरून वाकून टॅबकडे बघत होती.

"गेली," ती म्हणाली. वाटी जवळ ओढली आणि खायला लागली.

जिन्यावर प्रज्ञाची पावलं वाजली. इकडे बाईंच्या पाठीमागे दुरडीचं झाकण सरकलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

७

मार्चपर्यंत निकू अशी गुटगुटीत झाली की तिकडच्या नर्सने तक्ता मिटून ठेवला. पाळणाघरात ती सगळ्यांबरोबर जेवायची, कुणाच्या नावाची गरज पडायची नाही. प्रशांत म्हणाला, "बघ आई, पोरांत मिसळली आणि सुटली." बाई हो म्हणाल्या. नगरच्या डॉक्टरने दिलेल्या गोळ्याही त्या घेत होत्या, नवऱ्याचं मन राखायला.

रोज चार वाजता त्या जालिंदररावांना कट्ट्यावर पाठवायच्या. साडेचारला स्वयंपाकघरात दोन ताटं मांडायच्या. आधी दोन भाकरी पुरायच्या, मग चार, आता सहा. जालिंदरराव बाजरीच्या पिठाच्या डब्यात डोकावून म्हणायचे, "दोन मानसांत एवढं पीठ जातं कुठं?" आणि बायकोच्या गळ्याची हाडं बघून पुढे काही विचारायचे नाहीत. लंकाबाईने एकदाच विचारलं होतं, दुसरं ताट घासताना.

"बाई, कोन जेवलं ह्यात?"

"कुणी नाही."

लंकाबाईने ताट तीनदा घासलं. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळीच काम उरकून जायला लागली.

एकदा फक्त चुकलं. वांबोरीला पुतणीचं लग्न होतं, पंगतीला उशीर झाला, साडेचार तिथेच टळले. घरी आल्यावर कुलूप उघडून बाई एकट्याच पुढे आत गेल्या. तेव्हापासून त्या भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचं पोलकं घालतात.

तरी त्यांची तक्रार नव्हती. इतक्या लांबून नातीसाठी काय करता येतं म्हणून झुरलेली बाई ती. एवढं करता आलं, यातच त्यांना समाधान होतं. रडू आलं तर त्या भाकरी थापता थापता रडून घ्यायच्या आणि साडेचारच्या आत तोंड धुवायच्या.

एप्रिलच्या एका दुपारी, ताटं मांडलेली असताना फोन वाजला. प्रशांत होता, आवाजात दिवाळी.

"आई, तिकिटं काढतोय. सगळा मे महिना. निकू तुझ्याकडेच राहणार, आम्ही दोघं मधे पुण्याला जाऊन येऊ. आता घे मांडीवर हवी तेवढी."

तीन वर्षं त्या याच वाक्याची वाट बघत होत्या. समोरच्या ताटात भाकरी कुस्करलेली होती, आणि चावण्याचा तो ओला आवाज, ज्याची त्यांना आता सवय झाली होती, तो थांबला होता. ती ऐकत होती.

"यंदा नको," बाई म्हणाल्या.

"काय?"

"ऊन फार आहे. आबांनाही बरं नसतं. पोरीला सोसायचं नाही."

"आई, तूच म्हणायचीस ना, एकदा आणा, एकदा दाखवा? मी कसली रजा काढलीये माहितीये का?" मग त्याचा आवाज पडला. "तुला आम्ही नको आहोत का आता?"

बाईंनी ओठ दाताखाली धरला. काय सांगणार होत्या? एकदा सांगून पाहिलंच होतं.

"नको येऊस म्हटलं ना," त्या म्हणाल्या, वर्गात बोलायच्या तशा कोरड्या आवाजात.

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला आणि निकूचा चेहरा पडद्यावर आला, गोल, दोन्ही गालांना खळ्या.

"आजी, मी येऊ?"

"नको बाळा. येऊ नकोस."

निकूने डोकं कलतं केलं आणि आजीच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"पण ती तर ये म्हणते."

बाईंनी फोनवर तळहात ठेवला. आपली नात दिसू नये म्हणून, आणि आपल्या नातीला काही दिसू नये म्हणून. तळव्याखालून तिचा आवाज येतच होता, आजी, आजी. मागून प्रशांत म्हणत होता, असू दे निकू, आजीला वेळ नाही. बाईंनी फोन बंद केला आणि ओट्यावर उलटा ठेवला. मग खाली बसल्या. समोरचं ताट त्यांच्या दिशेने वीतभर सरकलेलं होतं. त्यांनी आणखी एक भाकरी घेतली, कुस्करली आणि त्यात वाढली.